वस्तादांचं नाक

आमच्या वस्तादांनी गिऱ्हाइकाकडे कधी पाठ केली नाही. हे मी अगदी शब्दशः सांगते आहे. बारच्या काउंटरमागे जो उभा असतो त्याच्या पाठीशी बाटल्यांची भिंत असते, आणि बाटली काढायची तर वळावं लागतं. वस्ताद वळत नसत. समोरच्याशी बोलता बोलता एक पाऊल मागे सरकायचे, हात खांद्यावरून मागे जायचा आणि हवी ती बाटली मानेला धरून पुढे यायची. एकदा कोणा खोडकर वेटरने बाटल्यांच्या जागा बदलून ठेवल्या. वस्तादांच्या हाताला चुकीची मान लागली. त्यांनी ती सोडली, शेजारची चाचपली, तिच्या शेजारची उचलली आणि समोरच्या गृहस्थांना म्हणाले, "आज आमच्या घरी कोनीतरी पाहुनं येऊन गेलेलं दिसते." बोलणं मध्ये तुटलं नाही की नजर हलली नाही.

"आपन पाठ दाखवली का तो मानूस एकटा पडते," ते आम्हाला सांगत. "एकट्यानंच प्यायची तं घरी काय कमी हाये?"

तरुणपणी ते जरीपटक्याकडच्या एका आखाड्यात कुस्ती खेळत. कुस्ती सुटली, पण मोडके कान आणि 'वस्ताद' हे नाव राहिलं. बुटके, जाड मानेचे, काळ्या वेस्टकोटात कसेबसे मावलेले. त्यांना पाहून कोणाला वाटलं नसतं की या माणसाच्या बोटांत एवढी नजाकत असेल.

मी उमरेडची. बाबांचं तिथल्या बाजारात मिरची-मसाल्याचं दुकान आहे. हॉटेल मॅनेजमेंटचा कोर्स करून मी नागपूरला वर्धा रोडवरच्या एका मोठ्या हॉटेलात लागले, तेव्हा मला लग्नाच्या जेवणावळींवर देखरेख करायचं काम मिळालं होतं. एका संध्याकाळी हॉलमधला बर्फ संपला म्हणून मला खाली बारमध्ये पाठवलं. बर्फाची बादली हातात घेऊन मी तिथेच उभी राहिले. वस्ताद दोन्ही हातांत शेकर घेऊन हलवत होते, एक वेगाने आणि एक संथ, आणि त्याच वेळी समोरच्या म्हातारबुवांना त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल विचारत होते. शेकर उघडले, दोन ग्लास भरले, एक थेंब बाहेर नाही. माझ्या छातीत धडधडायला लागलं. शाळेत असताना पहिल्यांदा सायकल चालवली, तेव्हा झालं होतं तसं.

दुसऱ्या दिवशी मी बारमध्ये बदली मागितली. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, आपल्याकडे बारमध्ये मुली नाहीत. मग मी थेट वस्तादांसमोर जाऊन उभी राहिले.

"काहून याचं हाये तुले इथं?" त्यांनी विचारलं.

"मला तुमच्यासारखं करायचं आहे."

"माह्यासारखं कराले मी हाये न. तू तुह्यासारखं करशील का?"

मी हो म्हटलं. ते तसेच मॅनेजरसाहेबांकडे गेले. आत काय बोलले ते त्यांनी कधीच सांगितलं नाही, पण पुढच्या सोमवारी मी काउंटरमागे होते. त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव घेणं सोडलं आणि ते मला 'उमरेड' म्हणू लागले.

पहिले कित्येक महिने त्यांनी मला दारूला हात लावू दिला नाही. लिंबू, मोसंबी, कोकम, आलं, सोडा, एवढंच माझं राज्य. मी कंटाळले की म्हणायचे, "दारू आपली चूक झाकून घेते, उमरेड. सरबत झाकत नाही." रिकाम्या बाटलीत पाणी भरून मी पेग ओतायला शिकले. शेकर हलवताना ते माझ्या हातांकडे पाहत नसत, आवाज ऐकत. बर्फाचा खडखडाट हळूहळू भरीव होत जातो आणि एका क्षणी शेकरचा पत्रा बोटांना चावायला लागतो. तो क्षण पहिल्यांदा माझा मला सापडला, तेव्हा वस्ताद दुसऱ्या टोकाला ग्लास पुसत होते. तिथूनच म्हणाले, "हां. आता उघड."

पण ज्या गोष्टीत त्यांनी मला सर्वांत जास्त घोटवलं ती होती नाही म्हणण्याची. एखाद्याला पुरे झाली आहे हे त्यांना त्याच्या आधी कळे. ते कधी 'बस झालं' म्हणत नसत. मिठाचा लिंबू-सोडा तशाच उंच ग्लासात, तशाच थाटात समोर ठेवायचे, स्वतः काउंटरवर कोपर टेकून त्याच्या मुलाबाळांची चौकशी करायचे, आणि तेवढ्यात दारावरच्या माणसाला डोळ्याने खूण जायची की साहेबांसाठी ड्रायव्हर बोलव. माणूस हसत हसत घरी जायचा. आपल्याला थांबवलं गेलं हे त्याला बहुधा दुसऱ्या दिवशी कळत असेल.

दिवाळीला घरी गेले आणि सगळं सांगून टाकलं. आई चकलीचा सोऱ्या हातात घेऊन तशीच थांबली. बाबा एवढंच म्हणाले, "म्हंजे आमी तुले दारू वाढाले शिकवलं," आणि नंतर माझ्याशी बोलायचे थांबले. चार दिवसांनी आईकरवी निरोप आला की नोकरी सोड आणि परत ये. मी वस्तादांना सांगितलं तेव्हा मला रडू आवरेना. त्यांनी काही समजूत घातली नाही. सुट्टीच्या दिवशी पांढरा शर्ट घालून एसटीत बसले आणि माझ्याबरोबर उमरेडला आले.

बाबांनी त्यांना दुकानातच बसवलं, घरात नेलं नाही. मिरच्यांच्या पोत्यांमध्ये दोन स्टूल समोरासमोर.

"माह्या पोरीले दारू वाढाले लावता तुमी," बाबा म्हणाले.

"होय भाऊ, लावतो," वस्ताद म्हणाले. "खोटं काहून बोलू."

बाबांना हे अपेक्षित नव्हतं.

"माहा बाप त्यातच गेला," वस्ताद पुढे म्हणाले. "तवा त्याले थांबवनारं कोनी नव्हतं, देनारे सारे होते. म्हनून मी पोरायले पहिले थांबवाले शिकवतो."

"अन् थांबते का कोनी?"

"मागच्या हप्त्यात एक बिल्डर आला. आवाज मोठा, गाडीची चावी हातात. मी मधात पडलो नाही. तुमच्या पोरीनं त्याले लिंबू-सोडा देल्ला, त्याच्या पोरीच्या बारावीचं विचारलं, अन् चावी त्याच्या हातानं ड्रायव्हरले देववली. जाताना हिले नमस्कार करून गेला तो."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. दिवाळीनंतर पहिल्यांदा. मी पोत्यावरचा धागा ओढत राहिले.

मग वस्तादांनी घरातून लिंबू, साखर, पाणी आणि तापलेला तवा मागवला आणि बाबांना म्हणाले, तुमच्याकडची चांगली मिरची द्या एक. बाबांनी पोत्यात हात घालून खालची भिवापुरी मिरची काढली, वास घेतला, परत टाकली, दुसरी काढली. वस्तादांनी ती तव्यावर शेकून चुरली आणि सरबतावर अगदी किंचित भुरभुरवली. बाबांनी घोट घेतला, जीभ टाळूला लावून पाहिली.

"मिरची जास्त झाली," ते म्हणाले.

"बी काढाचं राहिलं माह्याकडून," वस्ताद म्हणाले.

त्यावरून दोघांचं जे सुरू झालं ते एसटीची वेळ होईपर्यंत थांबलं नाही. कोणत्या गावची मिरची रंगाला, कोणती ठसक्याला, कोणती नुसती वासाला. मला कोणी काही विचारलं नाही. निघताना आईने वस्तादांच्या पिशवीत चकल्या भरल्या आणि बाबा मला म्हणाले, "पोचली का फोन करजो." मी एसटीत खिडकीला डोकं टेकून नागपूर येईपर्यंत हसत होते.

त्यानंतर कोरोना आला आणि बार बंद पडला. किती तरी लोक गावी गेले ते परतलेच नाहीत. वस्तादांनाच कोरोनाने गाठलं. धंतोलीच्या एका दवाखान्यात ते बरेच दिवस होते. बार उघडला तेव्हा वेस्टकोट त्यांच्या अंगावर सैल झाला होता, पण हात तेच होते, बोलणं तेच होतं. मला वाटलं, आपण सुटलो.

एका दुपारी आम्ही उघडण्याची तयारी करत होतो. वस्तादांनी फ्रीजमधून मोसंबीच्या पाकाची बाटली काढली, नेहमीप्रमाणे नाकाशी धरली, मान हलवली आणि ठेवून दिली. मी शेजारून गेले तर वास सरळ माझ्या डोक्यात गेला. पाक आंबला होता. साधासुधा नाही, घरभर कळावा इतका. मी बाटली उचलून परत त्यांच्यापुढे धरली.

"वस्ताद, हे पाहा बरं."

त्यांनी पुन्हा हुंगलं. "बराबर तं हाये."

मी बाटली तशीच धरून ठेवली. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं आणि हळूच खाली बसले. मी त्यांना काउंटरमागे बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"दवाखान्यातून आलो तवापासून काहीच येत नाही," ते म्हणाले. "चवबी अर्धीच लागते. चहा म्हंजे गरम पानी." मग दाराकडे पाहून म्हणाले, "कोनाले सांगू नको वं."

त्या दिवसापासून आमचा एक नवा खेळ सुरू झाला. नाक माझं, अंदाज त्यांचा. नवी बाटली आली, नवं फळ आलं की मी वास घ्यायचा आणि त्यांना सांगायचं. पहिल्या दिवशी मी म्हणाले, "चांगला वास आहे." ते म्हणाले, "चांगला म्हंजे काही नाही. मले दिसलं पाहिजे." गोड म्हणजे पिकल्या केळ्यासारखा की गुळासारखा? कडू म्हणजे कारल्याचा की लिंबाच्या सालीचा? आधी काय येतं, मागून काय येतं, शेवटी घशात काय राहतं? मी शब्द शोधत राहायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे. एखादा शब्द बरोबर बसला की त्यांचा चेहरा उजळायचा, जणू वास खरंच आला. त्यांची अडचण होती, पण खरं सांगायचं तर माझं सगळं शिक्षण त्यातच झालं. मला इतके वास येत होते हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. सकाळी भाजीबाजारातून जाताना मी मनातल्या मनात त्यांना सांगत जायची: ही कोथिंबीर ओली, ही उन्हात राहिलेली, हा आंबा उद्याचा.

अशातच पुण्याला बारटेंडरांची एक मोठी स्पर्धा निघाली. आपापल्या भागातलं काहीतरी घेऊन नवं पेय करायचं होतं. मॅनेजरसाहेबांनी वस्तादांचं नाव घेतलं. वस्ताद म्हणाले, जातो, पण बनवेल ही. साहेबांना वाटलं, वस्ताद शिष्याला पुढे करत आहेत. ते खूश झाले.

मी अर्थातच संत्र्यापासून सुरुवात केली. वस्तादांनी ते ऐकूनच घेतलं नाही. "नागपूरहून येनारा संत्रंच घेऊन येईल हे त्यायले पहिलेच मालूम हाये. तुह्या घरचं काय हाये ते घे." मग मी बाबांकडून भिवापुरी मिरची आणली आणि मोहाची वाळलेली फुलं आणली. फुलांचा पाक, जिन, लिंबू आणि वर मिरचीचा हलका चटका. महिनाभर आम्ही दोघं त्याच्या मागे होतो. शेवटी बाबांना फोनवर सगळं कृतीसकट सांगितलं. त्यांनी दारूचा भाग न ऐकल्यासारखा केला आणि म्हणाले, "बी काढजो."

पुण्याला रेल्वेने गेलो. उन्हाळा चढलेला. स्पर्धेच्या सकाळी तयारीच्या खोलीत मी पाकाची बाटली उघडली आणि पुन्हा पुन्हा नाकाशी नेली. प्रवासातल्या उष्म्याने पाक उतरला होता. आंबलेल्या पेजेसारखा वास, तळाशी बारीक बुडबुडे. बाजूच्या टेबलांवर बाकीचे स्पर्धक फळं कापत होते, हसत होते.

वस्तादांनी बाटली उजेडात धरली. "मले तं बराबर दिसते. पक्कं हाये का?"

"पक्कं आहे."

त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. बाटली सरळ मोरीत ओतून दिली. महिन्याची मेहनत खळखळ वाहून गेली.

"आता काय करू?" मी विचारलं.

"मले काहून विचारून राहिली? नाक तुह्यापाशी हाये. काय काय उरलं ते सांग."

उरली होती ती परीक्षकांना दाखवायला आणलेली डबाभर वाळकी फुलं आणि मिरच्या. स्पर्धा ज्या हॉटेलात होती त्याच्या स्वयंपाकघरात मी पळत गेले, तवा मागितला, मूठभर गूळ मागितला. फुलं तव्यावर टाकली आणि हलवत राहिले. वास बदलायला लागला. मी मोठ्याने बोलत सुटले, भोवतीचे आचारी पाहत होते तरी. "आधी मनुक्यासारखं येतंय. आता भाजल्या शेंगदाण्यासारखं. आता धूर आहे, पण चुलीचा नाही, उसाच्या गुऱ्हाळासारखा."

वस्ताद माझ्या मागोमाग आले होते आणि तव्यापाशी डोळे मिटून उभे होते. "उतरव आता," ते म्हणाले. "जिन सोड. याले रम पाहिजे. अन् लिंबू अर्धं कर, भाजलेल्यावर आंबट जास्त चढते."

मी तसंच केलं. गरम पाण्यात गूळ, त्यात भाजलेली फुलं, बी काढून शेकलेल्या मिरचीचा एक तुकडा, गाळून, बर्फावर गार करून, मग त्यात रम आणि अर्धं लिंबू. चाखून पाहिलं तेव्हा मला कळलं की आम्ही महिनाभर केलेलं ते पेय याच्यासमोर बाळबोध होतं. वस्तादांना पाजायची माझी फार इच्छा झाली. त्यांनी घोट घेतला, जिभेवर फिरवला आणि म्हणाले, "गरम, गोड अन् तिखट. बाकीचं तू सांग." मी सांगितलं. ते नुसते हसले.

मंचावर गेल्यावर मला समोरची माणसं दिसत होती, दिवे दिसत होते, पण भीती कुठे गेली ते कळलं नाही. उमरेडच्या बाजारातलं आमचं दुकान, मोहाची फुलं, सकाळी ओतून दिलेला पाक, सगळं सांगत सांगत मी शेकर हलवला. पत्रा बोटांना चावला तसा उघडला. एका परीक्षक बाईंनी घोट घेतल्यावर पुन्हा ग्लास नाकाशी नेला आणि नंतर पुन्हा एकदा नेला. संध्याकाळी पहिलं नाव माझं पुकारलं. वस्ताद खुर्च्यांच्या मागच्या रांगेत उभे होते, कुस्ती जिंकल्यावर मांडीवर थाप मारतात तशी त्यांनी मारली. भोवतीचे सुटाबुटातले लोक दचकले.

नागपूरला आल्यावर मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना चहाला बोलावलं. माझं कौतुक केलं आणि मोठा पुष्पगुच्छ वस्तादांच्या हातात दिला. म्हणाले, "वस्तादांचं हे पेय आजपासून आपल्या मेनूवर."

वस्तादांनी गुच्छ टेबलावर ठेवला. "साहेब, ते माहं नाही. हिचं हाये."

"नम्रपणा पुरे," साहेब हसून म्हणाले.

"नम्रपना नाही. मले वास येत नाही, साहेब. कोरोनापासून नाही येत. इतके दिवस ही सांगत होती अन् मी करत होतो. तुमच्यापासून लपवलं, ती माही चूक. पन हिचं काम माह्या नावावर नका लावू."

मी वस्तादांकडे पाहत होते. स्वतःची नोकरी ते माझ्या समोर, सगळ्यांच्या समोर टेबलावर ठेवत होते, आणि त्यांचा आवाज गिऱ्हाइकाशी बोलावं तसा शांत होता.

साहेबांनी त्यांना काढलं नाही. पण महिन्याभरात वस्ताद स्वतःच निघाले. बारच्या चाव्या त्यांनी माझ्या हातात दिल्या आणि एका हॉटेल मॅनेजमेंटच्या संस्थेत शिकवायला लागले. तिथेही पहिले काही महिने सरबतच, असं त्यांच्या विद्यार्थ्यांकडून कळतं. मला पणजीहून बोलावणं आलं, नव्या बारची सगळी जबाबदारी, माझ्या हाताखाली सात माणसं. मी विचारायला गेले तेव्हा त्यांनी माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "जाय. बॅग भरली का?"

मागच्या हिवाळ्यात एका दुपारी मी पणजीच्या बारमध्ये लिंबं निवडत होते तेव्हा त्यांचा फोन आला. आवाज दबका आणि घाईचा.

"पोरी, ऐक. आत्ता काहीतरी आलं."

"काय आलं, वस्ताद?"

"वास. घरात स्वयंपाक चालू हाये. कशाचा ते समजून नाही राहिलं. तुह्या काकूले विचारलं नाही मी. तू सांग."

मी हातातलं लिंबू खाली ठेवलं. "कसा आहे?"

"चांगला हाये."

"चांगला म्हणजे काही नाही."

ते हसले. मी डोळे मिटले.

"पहिले करपल्यावानी," ते सावकाश म्हणाले. "सालीसारखं काहीतरी जळून राहिलं. मग गोड, पन फळाचं गोड नाही. अन् खाली ओलं हाये. पानी मारल्यावर वावरात येते तसं."

"वांगं," मी म्हणाले. "काकू वांगं भाजताहेत."

त्यांनी फोन कानापासून दूर नेला असावा. लांबून त्यांनी ओरडून विचारलेलं ऐकू आलं आणि आतून काकूंचा आवाज आला, "हो, भरीत करून राहिली. काहून?"

फोन पुन्हा कानाशी आला. फोनवर फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता, लांब, खोल, पुन्हा पुन्हा.